कुलूपबंद घरांची मोजणी

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील पाटोदा, धारूर, वडवणी या भागांत अनेक घरांना कुलूप दिसते. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे ऊसतोडीला गेलेली असतात; ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. मधल्या काळात एखादी पाहणी झाली, तर या घरांच्या रकान्यात काय लिहायचे?

हा प्रश्न जुना आहे. १९३१ पर्यंत आपल्याकडची जनगणना एका ठरावीक रात्री होई; जो जिथे सापडेल, तिथे मोजला जाई. १९४१ पासून मोजणी काही दिवस चालू लागली. २०११ मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हे सर्व दिवस बाहेरगावी असलेल्याची नोंद तो असेल तिथेच करायची, असा नियम होता. म्हणजे ऊसतोड कामगार कारखान्याच्या तळावरील कोपीत मोजला जायला हवा. प्रगणक तिथे पोचला नाही, तर तो दोन्हीकडून सुटतो.

नमुना पाहणीत निवडलेले घर बंद असले, की शेजारचे उघडे घर घेण्याचा मोह होतो. अमेरिकेतील हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये वेगळा मार्ग सुचवला. टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीला ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांच्यापैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडावे आणि त्यांना प्रत्यक्ष गाठावे.

समजा, १०० मुलांपैकी ६० गावात भेटली आणि त्यांतली ५४ नियमित शाळेत जातात, म्हणजे ९० टक्के. उरलेल्या ४० पैकी १० जणांना तळावर गाठले, तर ५ जणच शाळेत जाणारे निघाले. हे प्रमाण ४० मुलांना लावले, तर २० मुले. ५४ अधिक २० म्हणजे खरा अंदाज ७४ टक्के!

१९७६ मध्ये डोनल्ड रुबिन यांनी यामागचे तत्त्व नेमकेपणाने मांडले. माहिती का गहाळ झाली, हे आधी पाहावे. पावसात भिजून काही नोंदी पुसल्या, तर उरलेल्यांवरून सरासरी काढता येते. पण ज्या कारणाने मूल घरी सापडत नाही, त्याच कारणाने त्याची शाळा बुडत असेल, तर ती सरासरी फसवी ठरते.

आपल्याकडे प्रगणक बहुधा शिक्षकच असतात. तेव्हा ‘घर बंद’ एवढेच लिहून थांबू नये. घरचे कुठे गेले, का गेले, कधी येणार, हे शेजाऱ्यांना विचारून लिहावे. हंगामी वसतिगृहात किती मुलांची सोय करायची, हे ठरवताना हीच नोंद उपयोगी पडते.