चौकच्या कोळ्यांचे बळ

वसई खाडीच्या मुखाशी, मराठ्यांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या धारावी किल्ल्याच्या परिसरात चौक हे कोळ्यांचे गाव आहे. इथल्या मासेमारीचे श्रेय सहसा पिळदार दंडांना दिले जाते. ते अपुरे आहे. ताकदीच्या हिशेबात माणसाचा हात ही तोट्याची तरफ आहे. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून जेमतेम 4-5 सेंटिमीटरवर जोडलेला असतो, ओझे मात्र सुमारे 35 सेंटिमीटरवर, तळहातात. म्हणून कोपर काटकोनात ठेवून 10 किलो पेलायला स्नायूला सुमारे 70-90 किलोंइतका जोर लावावा लागतो. बदल्यात हाताला वेग मिळतो.

हा तोटा धंद्याने युक्तीने भरून काढला. डोल जाळे प्रवाहात बांधून ठेवले की मासळी आत लोटण्याचे काम भरती-ओहोटी करते. पाण्याची ओढ मंदावली की ते वर घेतात. ओढताना पाय रोवून अंग मागे झोकले की शरीराचे वजनच कामी येते. कोळीण पाटी डोक्यावर, चुंबळीवर ठेवते. कण्याच्या रेषेत आलेल्या भाराला तरफेची भुजा जवळजवळ उरत नाही. तेच ओझे वाकून हातात धरले तर पाठीच्या स्नायूंवर कितीतरी पट ताण येतो.

कोणी म्हणेल, ही नुसती सवय, यात विज्ञान कसले? पण पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली सवय अनुभवाने पारखलेली असते. मानेवर भार पडतोच, हा आक्षेप मात्र खरा आहे. युक्तीने ओझे नाहीसे होत नाही. म्हणून यंत्रे आली तरी कोळ्यांच्या इतिहासात दंडांइतकीच या शहाणपणाची आणि त्यासाठी झिजलेल्या शरीरांची नोंद व्हायला हवी.