खेळायचं वय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परवा रात्री अकराच्या सुमाराला धाकटी मुलगी पाणी प्यायला उठली आणि मी पकडला गेलो. हातात मोबाइल, मोबाइलवर वरून खाली येणारे रंगीत ठोकळे. "अब्बू, या वयात?" एवढंच म्हणाली आणि हसत निघून गेली. कविसंमेलनांतले टोमणे खाऊन कातडी जाड झालेली आहे, तरी हा लागला. पंचावन्नाव्या वर्षी माणसानं रात्री जागून कविता लिहावी, घरखर्चाचा हिशेब करावा, फार तर ब्लडप्रेशरची गोळी शोधावी. पण व्हिडिओ गेम हे पोरासोरांचं काम, हे ठरवलं तरी कुणी?

या खेळाचा इतिहास चाळू लागलो, तर अगदी सुरुवातीच्या पानावर भेटले ते पन्नाशीकडं झुकलेले एक पोक्त गृहस्थ. विल्यम हिगिनबॉथम हे अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. अणुबॉम्बच्या प्रकल्पात त्यांनी काम केलं होतं आणि युद्धानंतर अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध ते आवाज उठवत राहिले. प्रयोगशाळा पाहायला येणारी माणसं कंटाळतात, म्हणून १९५८ साली त्यांनी ऑसिलोस्कोपच्या पाच इंची गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक ठिपका जाळीवरून इकडून तिकडे उडायचा, बस्स. त्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. हिगिनबॉथम यांना त्याचं पेटंट घ्यावंसंही वाटलं नाही.

पुढं १९७२ साली अटारी कंपनीचं 'पाँग' आलं. ते पहिल्यांदा कुठं ठेवलं होतं म्हणता? शाळेजवळ नव्हे, जत्रेतही नव्हे. कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावच्या एका दारूच्या बारमध्ये. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. ते बनवणारे अ‍ॅलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेले, तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. यंत्र बिघडलं नव्हतं, त्याचं पोट भरलं होतं. ती नाणी संध्याकाळी काम संपवून आलेल्या मोठ्या माणसांची होती.

नाण्यावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, १९८० साली 'पॅक-मॅन'. हे खेळ हरण्यासाठीच बनवलेले असत. गडी लवकर मेला तरच पुढचं नाणं पडणार, म्हणून खेळाचा वेग वाढत जायचा. आमच्या इचलकरंजीत १९८६ साली मी अशाच एका पार्लरमध्ये जायचो. अंधारी खोली, आत गर्दी, घामाचा वास आणि एका रुपयाला एक डाव. माझा रुपया तीन मिनिटांत संपायचा. मग दुसरा रुपया अब्बांच्या सदऱ्याच्या खिशातून. तिसऱ्यांदा सापडलो आणि जो मार खाल्ला, तो आजही पाठीला आठवतो.

तर मग खेळ पोरांचा कधी झाला? माझ्या मते त्याचं उत्तर दुकानाच्या फळीवर आहे. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. खप नसलेली काडतुसं अटारीनं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन पुरली. (२०१४ साली ती पुन्हा उकरून काढली, ही आणखी एक गंमत.) दुकानदार गेमचं नाव काढू देईनात. १९८५ साली जपानची निन्टेन्डो कंपनी तिथं उतरली, तेव्हा तिनं यंत्राबरोबर एक छोटा रोबो दिला आणि सांगितलं, हा व्हिडिओ गेम नाही, हे खेळणं आहे. यंत्र खेळण्यांच्या फळीवर गेलं आणि तिथंच त्याच्या कपाळावर लहान मुलांचं नाव लिहिलं गेलं. त्याच यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडं घरोघर आल्या, टीव्हीला जोडायच्या. मारिओ उड्या मारू लागला आणि आयांच्या मालिका बुडू लागल्या.

आता अब्बांकडं येतो.

अब्बा यंत्रमागावर होते. एकटा माणूस चार माग सांभाळायचा. धोटा इकडून तिकडे धावतोय, कांडी संपत आलीय, कुठं ताण्याचा धागा तुटलाय, हे सगळं डोळ्यांनी एका वेळी टिपायचं आणि कापडाला भोक पडायच्या आत हात पोचला पाहिजे. तीसेक वर्षं त्यांचा हात पोचला. मग उशीर होऊ लागला. मालकानं आधी चाराचे दोन माग केले, मग साठीला घरी बसवलं. हिशेबाच्या दृष्टीनं त्याचं चुकलं असेल असं नाही. पण अब्बा बोलेनासे झाले. दुपारभर उंबऱ्यात बसून स्वतःच्या पंजांकडं बघायचे.

१९९६ साली मिरजेच्या उरुसातून माझ्या धाकट्या भावानं ब्रिक गेम आणला. तुम्हाला आठवत असेल. हातात मावणारं प्लास्टिकचं यंत्र, दोन पेन्सिल सेल, करड्या पडद्यावर काळे ठोकळे. या खेळाचं मूळ नाव 'टेट्रिस'. मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ साली तो तयार केला. चार चौकोनांचे सात आकार, ते फिरवून ओळ भरायची, भरली की ती नाहीशी होते. यात वाचायला काही नाही, मारायला शत्रू नाही. १९८९ साली निन्टेन्डो आपला 'गेम बॉय' बाजारात आणत होती. तेव्हा हेंक रॉजर्स नावाच्या व्यापाऱ्यानं कंपनीला पटवलं, की पोरांनीच घ्यावा असं वाटत असेल तर यंत्राबरोबर मारिओ द्या, सगळ्यांनी घ्यावा असं वाटत असेल तर टेट्रिस द्या. सोव्हिएत व्यवस्थेत हक्क सरकारकडं होते, त्यामुळं पाजितनोव यांना स्वतःच्या खेळाचे पैसे मिळू लागले ते थेट १९९६ साली. आणि उरुसातली ती चिनी नक्कल तर कुणाला काहीच न देता आमच्या घरापर्यंत आली होती.

भावाचं मन आठवड्यात भरलं. यंत्र कपाटावर पडलं आणि काही दिवसांनी तिथून नाहीसं झालं. मग रात्री बाराच्या पुढं घरात पीक-पीक ऐकू येऊ लागलं. गोधडीत तोंड खुपसून अब्बा खेळत होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेलेले. गेम वाजतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपण चोरून खेळतो आणि घर झोपलेलं आहे, अशी त्यांची खात्री होती. आवाज बंद करायचं बटण होतं, मी ते दाबायला निघालो, तर अम्मीनं माझा हात धरला. म्हणाली, "वाजू दे. वाजतंय तोवर कळतं तरी."

एकदा मी न राहवून विचारलंच. अब्बा जरा लाजले आणि म्हणाले, "हात अब्बी चलते रे मेरे."

हे वाक्य मला खूप वर्षांनी, एका अभ्यासाबद्दल वाचताना पुन्हा ऐकू आलं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली 'स्टारक्राफ्ट २' या गेमच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या डावांच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळलं, की डोळ्यांनी पाहून हातानं करायचा वेग २४व्या वर्षापासूनच उतरू लागतो. चोविसाव्या! आपण उगाच पन्नाशीला दोष देतो. पण त्यांना दुसरीही गोष्ट दिसली. वयानं मोठे खेळाडू सोप्या चाली आणि जवळच्या वाटा वापरून ती कसर काही अंशी भरून काढतात. अब्बा ठोकळा पडायची वाट बघत बसत नसत, पुढचा कोणता येणार ते कोपऱ्यात बघून आधीच जागा धरून ठेवत. मागावर कांडी संपायच्या आधी दुसरी हाताशी ठेवायची, तसंच.

मेंदू तल्लख करतो म्हणून गेम विकणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत ६० ते ८५ वयाच्या लोकांना गाडी चालवायचा एक खास गेम महिनाभर खेळायला दिला, आणि त्या गेममध्ये त्यांनी न सरावलेल्या विशीतल्या मुलांना मागं टाकलं, हे खरं आहे. पण म्हणून कुठलाही गेम औषध होत नाही. अशाच जाहिराती करणाऱ्या 'ल्युमॉसिटी'ला २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. आणि औषध म्हणूनच कशाला खेळायचं? डोरिस सेल्फ या बाईंनी १९८४ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, 'क्यूबर्ट' या गेममध्ये ११,१२,३०० गुणांचा विक्रम केला. तो पुढं मोडला गेला. तर बाई ऐंशीच्या घरात पुन्हा त्याच यंत्रासमोर उभ्या राहिल्या, विक्रम परत मिळवायला. तो मिळाला नाही, २००६ साली त्या गेल्या. मेंदूच्या तब्येतीसाठी त्या खेळत होत्या असं मला नाही वाटत. त्यांना जिंकायचं होतं.

पोरांचे हात पोरांचेच, हेही कबूल करतो. २०२३च्या डिसेंबरात विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या अमेरिकन मुलानं जुन्या निन्टेन्डोवरचं टेट्रिस इतकं पुढं नेलं, की शेवटी यंत्रच गोठलं. तोवर कुणा माणसाला ते जमलं नव्हतं. मी तो व्हिडिओ पाहिला. त्या बोटांकडं पाहून मत्सरसुद्धा वाटला नाही, इतकी ती लांबची गोष्ट आहे.

अब्बा २००४ साली गेले. शेवटच्या वर्षी उजवा हात कामातून गेला होता, तेव्हा यंत्र मांडीवर ठेवून डाव्या हातानं खेळायचे. पहिल्याच वेगाला, तेही चार-पाच ओळी. मग अम्मी सेल काढून ठेवायची.

ब्रिक गेम ट्रंकेत होता, मागच्या महिन्यात काढला. सेल घातले आणि चक्क सुरू झाला. सेल काढले की त्यातला विक्रम पुसला जातो, त्यामुळं पडद्यावर शून्य. पण त्याच ट्रंकेत अब्बांची मागावरची वही होती. पुढच्या पानांवर तारीख आणि विणलेले मीटर. मागच्या पानांवरही तारखा, तशाच सरळ रेघा मारून, आणि मीटरच्या जागी आकडे पाच-पाच अंकी. पहिल्यांदा मला कळेचना, इतकं कापड कुणी विणलं. सगळ्यात मोठा आकडा ४८,६०० आहे, खाली दोन रेघा. मी मोबाइलवर सराव करतो आणि रविवारी सकाळी त्या जुन्या यंत्रावर बसतो. अजून ३१,००० च्या वर गेलेलो नाही. काल मुलगी शेजारी येऊन बसली, म्हणाली, "अब्बू, द्या इकडं, मी करून दाखवते." मी दिला नाही.