खत, अक्षर आणि उठाव

दौंडला राहणारी माझी भाची गेली दोन वर्षं एक मोठी कादंबरी लिहिते आहे. तीत जुलमी राजा आहे, जादू आहे, रयतेचं बंड आहे. इंग्रजीत अशा कादंबऱ्या तिने ढिगाने वाचल्या, पण स्वतःची तिला मराठीतच लिहायची आहे आणि तिथेच घोडं अडलं आहे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, 'रिबेल'ला बंडखोर लिहिलं की तो माणूस आधीच वाईट वाटतो. आणि 'स्पेल'ला काय लिहू? मंत्र म्हटलं की भटजी डोळ्यांसमोर येतात."

तिचा कान बरोबर आहे. बंडखोरातला 'खोर' फारसीतून आला. मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, चुगलखोर, हरामखोर, दरोडेखोर ही सगळी त्याचीच भावंडं. ज्याला या पंगतीत बसवलं त्याची बाजू कोण ऐकून घेणार? 'दंगा' तर त्याहून हलका. पोरं वर्गात करतात तो दंगा. आणि भीमेकाठच्या शेतकऱ्यांनी जे केलं ते सरकारदप्तरी नेमकं याच शब्दाखाली गेलं: १८७५ चे दख्खनचे दंगे. मला हे नाव आजही टोचतं.

कारण त्याची सुरुवात दंग्याने झालीच नव्हती. शिरूरहून न्हावऱ्याकडे निघालं की करडे लागतं. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या एका सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर १५० रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. गाव चिडलं, पण कुणावर हात टाकला नाही. सावकाराची जमीन कुणी कसायची नाही, घरी कुणी पाणी भरायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, असं ठरलं. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात, पुस्तकी भाषेत बहिष्कार. 'बहिस्' म्हणजे बाहेर. बहिष्कार म्हणजे बाहेर करणं, बस्स. इंग्रजीत मात्र 'बॉयकॉट' हा शब्द तोवर नव्हता. तो आला १८८० साली, आयर्लंडमध्ये. मेयो परगण्यातल्या कुळांनी चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी असाच व्यवहार तोडला आणि त्याचं आडनावच जगभर क्रियापद झालं. करड्याने ते आधीच करून दाखवलं होतं. वाळीत टाकण्याचं हत्यार गावकीने दुबळ्यांवरच अधिक चालवलं, हे मी विसरत नाही. म्हणून तर ते वरच्या दिशेने वळलं ही घटना मला एवढी मोठी वाटते.

पुढचं पाऊल सुप्याला पडलं. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, दौंडही त्यातच. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमथडीची तट्टं ज्या मुलखाने मराठी फौजांना पुरवली, तो हा मुलूख. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतली रयत सुप्याच्या बाजारात जमली आणि दुकानदार-सावकारांकडे एकच मागणी केली: वह्या आणि खतं बाहेर काढा. मिळाली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरांना आगीही लागल्या. पण पुढे नेमलेल्या चौकशी आयोगालाही हे नोंदवावं लागलं की रोख कागदांवर होता. जिथे सावकाराने खतं निमूट दिली, तिथे सहसा जमाव पुढे गेला नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगत होतो. इथे थांबलो आणि म्हटलं, तुझा 'स्पेल' इथे आहे बघ.

खत हा अरबी 'खत्त'. त्याचा अर्थ रेघ, लिखाण. दस्तखत म्हणजे हाताचं लिखाण. हिंदीत खत म्हणजे साधी चिठ्ठी राहिली, मराठीत ती गहाणखत, खरेदीखत, कर्जखत होऊन माणसाच्या मानेवर बसली. शेतकऱ्याला दुसरं खत माहीत होतं, उकिरड्यातलं, जे रानात पडलं की पीक वाढतं. हे खत पेटीत पडून वाढायचं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं केली. हेतू असा की व्याज साठू नये. झालं उलटं: दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि कुळाकडून नवं खत करून घ्यायचं. वाचता न येणारा माणूस त्यावर अंगठा उठवायचा. आपण काय कबूल केलं ते त्याला कळायचं थेट जप्तीच्या दिवशी.

आणि ज्याने खत लिहिलं ते अक्षर. 'न क्षरति', जे झिजत नाही ते. थोर कल्पना आहे, पण कर्जदाराच्या बाजूने एकदा हा शब्द उच्चारून बघा. इंग्रजीत 'स्पेल' म्हणजे अक्षरं जुळवणंही आणि जादूही. स्कॉटलंडात 'ग्रॅमर'चाच 'ग्लॅमर' झाला, म्हणजे मुळात नजरबंदी. न वाचणाऱ्याला लिखाण जादूसारखंच दिसतं. जादूही आपल्याला परकी नाही. शब्द फारसी, पण वेदांतला 'यातु' त्याचा सख्खा चुलतभाऊ. यातुधान म्हणजे चेटूक करणारा.

भाचीच्या राजाचं राज्य काळोखाचं आहे. तेही तिला नकळत बरोबर साधलंय. जुलूम अरबी, आणि काळोखाला जो 'जुल्मत' शब्द आहे, तो त्याच धातूचा.

धामारीचं तिला मी शेवटी सांगितलं. वासुदेव बळवंत फडक्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये पहिला छापा टाकला तो शिरूर तालुक्यातल्या याच गावावर. सरकारने त्याला दरोडा म्हटलं, म्हणजे फडके दरोडेखोर, पुन्हा तेच 'खोर'. आज आपण फडक्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदाही त्याच साली झाला.

"मग बंडखोराऐवजी काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, 'उठलेले' लिही. 'गाव उठलं' यात कुणी काही खात नाही. उठाव मला म्हणूनच आवडतो, आणि तो बाजारातलाही शब्द आहे. मालाला गिऱ्हाईक असलं की उठाव असतो. ती हसली. त्या दिवशी तिचे वडील घोडनदीच्या बाजारात कांदा घेऊन गेले होते आणि दुपारीच त्यांचा फोन आला होता: आज उठाव नाही.