लाल निशाणवाला माणूस

आज आपल्याला हसू येईल, पण इंग्लंडमध्ये १८६५ साली एक कायदा झाला होता. रस्त्यावर यांत्रिक वाहन धावणार असेल, तर त्याच्या पुढे हातात लाल निशाण घेतलेला एक माणूस चालत गेला पाहिजे. वेगाची मर्यादा गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल होती. त्या काळी वाफेची अवजड इंजिने रस्त्यावर येत आणि घोडे बुजत, म्हणून ही खबरदारी. पुढे कायदा सैल होत गेला. १८९६ साली हलक्या मोटारींवरील बंधने उठली आणि मर्यादा ताशी चौदा मैलांवर गेली.

त्याच वर्षी, १७ ऑगस्टला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला आपल्या मुलीबरोबर चालली होती. लोकांना फेरी मारून आणणाऱ्या एका मोटारीने तिला धडक दिली आणि ती जागीच गेली. मोटारीखाली बळी पडलेली ती ब्रिटनमधली पहिली पादचारी मानली जाते. चालक म्हणाला, मी सावकाश चाललो होतो. गाडी भरधाव होती, असे सांगणारे साक्षीदारही होते. शेवटी ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय झाला आणि कोणावरही खटला चालला नाही. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली.

ती आशा किती फोल ठरली, हे आपल्याच देशात पाहा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज ४६० हून अधिक. त्यातल्या दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता. हेल्मेट न घातलेले सुमारे पन्नास हजार होते.

यातल्या एखाद्याच्या मय्यतीला आपण जातो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘त्याची वेळ आली होती.’ दुःखात बुडालेल्या घराला या वाक्याचा आधार वाटतो, हे मी समजू शकतो. मृत्यूची घडी आपल्या हाती नाही, ही माझीही श्रद्धा आहे. पण ॲक्सिलरेटर कोणाच्या पायाखाली होता? हा प्रश्न त्या वाक्याआड लपतो. तकदीरीवर विश्वास ठेवणे वेगळे आणि आपला निष्काळजीपणा तकदीरीच्या माथी मारणे वेगळे.

कायद्यानेही हा फरक फार पूर्वीच ओळखला आहे. भारतीय दंड संहितेत १८७० साली कलम ३०४-अ घालण्यात आले. मारण्याचा हेतू नसला, तरी हयगयीने कोणाचा जीव घेणे हा गुन्हा ठरला. तेव्हा आपल्याकडे मोटारीही आल्या नव्हत्या! १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ही शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली आहे.

आता थोडा हिशेब करू. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. मोबाईलवरचा मेसेज पाहायला दोन सेकंद लागले, तर तेहतीस मीटर आपण डोळे मिटून गाडी चालवली. वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. हे गणित श्रीमंत-गरीब पाहत नाही. २०१४ मध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे आणि २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. हा तीन बिंदूंचा पट्टा नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली व्हॉल्वो कंपनीसाठी तयार केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. साठ वर्षांपूर्वी फुकट मिळालेली वस्तू आपण अजून मागच्या सीटवर दुमडून ठेवतो.

काहीजण म्हणतील, आधी खड्डे बुजवा. बरोबर आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच मान्य केले, की माणूस चुकणारच, म्हणून त्या चुकीची किंमत जीव नसेल असे रस्ते बांधले पाहिजेत. आपणही सरकारकडे हे मागायलाच हवे. पण तोपर्यंत खड्ड्याच्या रस्त्यावर गाडी हळू चालवायला कोणत्या निविदेची गरज आहे?

मला जास्त काळजी वाटते ती घरातून हौसेने दिल्या जाणाऱ्या किल्लीची. ईदच्या दिवशी मिसरूड न फुटलेली तीन-तीन मुले एका मोटारसायकलवर सुसाट जाताना दिसतात आणि अब्बा कौतुकाने पाहत असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठा प्रश्न असा की, त्या मुलाच्या गाडीखाली दुसऱ्या कोणाचा मुलगा आला तर आपण त्याच्या आईला काय सांगणार?

लाल निशाणवाला माणूस रस्त्यावरून कधीच निघून गेला, मात्र त्याचे काम संपलेले नाही. ते आता स्टिअरिंग धरणाऱ्याला स्वतःच करायचे आहे. आणि तो विसरला, तर शेजारी बसलेल्याने संकोच सोडून म्हणावे, ‘भाई, जरा हळू घ्या.’