शकुंतलेची खरी किंमत

जुनें घर विकत घेतांना मालकानें सांगितलेली रक्कम ही निम्मीच गोष्ट होय. छप्पर, पाया व भिंती नीट करण्यास काय लागेल हें मोजल्यावांचून व्यवहार कळत नाहीं. हाच हिशेब वऱ्हाडांतील एका संपूर्ण लोहमार्गाला लावून पाहण्यासारखा आहे.

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारें ११३ किलोमीटरांचा अरुंद मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या रुंद मार्गावर व तेथून मुंबई बंदराकडे नेणें, हा त्याचा मुख्य हेतु. मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या हाताखालील कंपनीचा; गाड्या मात्र जी. आय. पी. रेल्वे व पुढें मध्य रेल्वे चालवी. स्वातंत्र्यानंतर देशांतील रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, तरी ही ‘शकुंतला’ खासगीच राहिली. करारान्वयें ठराविक मुदतीनें ती विकत घेण्याची मुभा सरकारास होती.

अशा खरेदींत तीन खातीं वेगळीं मांडावीं लागतात. पहिलें जमिनीचें : अखंड पट्टीचें मोल टिकून असतें. दुसरें जुन्या सामानाचें : अडीच फुटी मार्गाचे रूळ व पूल साडेपांच फुटी गाडीस निरुपयोगी, त्यांची किंमत मोडीचीच. तिसरें नव्या कामाचें : भराव रुंद करणें, वळणें सौम्य करणें, पूल नव्यानें बांधणें. दुसरें खातें फुगवून तिसरें विसरणारा फसतो. पहिलें विसरणारा चांगली वस्तु गमावतो.

मँचेस्टर येथें १९२१ सालीं घडविलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर राबलें. कारागिरांच्या कौशल्याची ती साक्ष खरी. पण तींत इशाराहि आहे. जें कसेंबसें चालतें, त्याची दुरुस्ती लांबणीवर पडते, आणि लांबलेला खर्च व्याजासह परत येतो. २०१६ सालीं यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गाच्या रुंदीकरणासाठीं सुमारें १,५०० कोटि रुपयांचा आंकडा पुढें आला. अरुंद मार्गावरील गाड्याहि अखेर थांबल्या.

एक रकाना मात्र अंदाजपत्रकांत सहसा नसतो. मोटारीच्या भाड्याहून कितीतरी कमी पैशांत दारव्हा-कारंज्याचा शेतकरी या गाडीनें बाजारास जाई. गाडी नसल्यानें त्याच्या खिशांतून रोज जें जातें, तेंहि खर्चाच्याच बाजूस लिहिलें पाहिजे. त्यावांचून कोणताहि अंदाज पुरा म्हणतां येणार नाहीं.