उपग्रहांनी मोजलेला वारा

भूगोलाच्या तासाला आपण वातकुक्कुट शिकलो, व्यापारी वारे शिकलो. पण जमिनीपासून 200-300 किलोमीटर उंचीवरचा वारा कसा मोजायचा? तिथे ना फुगा पोचतो, ना विमान. या मोजणीचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून स्मरणिकेसाठी तोच विषय घेतला.

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने पहिला स्पुटनिक सोडला. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये डेस्मंड किंग-हेली उपग्रहांच्या कक्षांचा अभ्यास करू लागले. विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली येतो. शिवाय हवा पृथ्वीबरोबर फिरत असल्याने त्याला बाजूनेही रेटा बसतो. नदी ओलांडणारी नाव प्रवाहाने कडेला ओढली जावी, तसे. त्यामुळे कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कोन किंचित घटत जातो.

हवा पृथ्वीच्याच गतीने फिरत असेल तर कोन किती घटावा, हे गणिताने काढता येत होते. पृथ्वीचा आकार, सूर्य आणि चंद्र यांचे परिणाम वजा केले, तरी तो त्याहून जास्त घटलेला दिसला. 1964 मध्ये किंग-हेली यांनी निष्कर्ष मांडला: तिथली हवा सरासरी पृथ्वीच्या सुमारे 1.3 पट गतीने फिरते. म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे सेकंदाला शंभरेक मीटर वेगाचा वारा! पुढे डोरीन वॉकर यांच्याबरोबर केलेल्या कामातून दिसले, की संध्याकाळी तो पूर्वेकडे वाहतो, तर सकाळी पश्चिमेकडे.

हा फरक अंशाच्या शंभराव्या-हजाराव्या भागांतला. अंशाचा हजारावा भाग म्हणजे कक्षेवर जेमतेम 120 मीटर. ही मोजमापे रडार आणि कॅमेऱ्यांबरोबरच हौशी निरीक्षकांकडूनही येत. थंडीत अंगणात उभे राहायचे, दुर्बिणीतून ठिपका ताऱ्यांजवळून जाताना पाहायचा आणि स्टॉपवॉच दाबायचे. पगार नाही, नाव नाही.

माझ्या कामात अपेक्षित उत्तर आणि आलेले उत्तर यांतला बारीक फरक "चालेल" म्हणून सोडून देण्याचा मोह रोजचाच. आपल्या गणिताच्या बाई भागाकारातली बाकी खोडू देत नसत. इथे तर त्या बाकीतच वारा सापडला.

मेळाव्याच्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, मैदानावर जरा थांबू या. आभाळ निरभ्र असेल तर ताऱ्यांमधून सरकणारा एखादा ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसेल.