रक्तदाबाचा इतिहास आणि मजुराचे घर

उच्च रक्तदाब हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ वर्षे रुजलेली होती. माणगावच्या बाजारात डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला, वीटभट्टीवर राबणाऱ्या मजुराला तो कशाला गाठेल, असे आपण म्हणत आलो. ही समजूत कितपत खरी, हे या रोगाच्या इतिहासावरूनच पाहू.

रक्ताचा दाब प्रथम मोजला तो एका इंग्रज पाद्र्याने. स्टीफन हेल्स याने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त किती उंच चढते ते पाहिले व १७३३ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला इजा न करता दाब मोजण्याची सोपी रीत सापडण्यास मात्र दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोच्ची याने दंडाला बांधावयाचा पट्टा आणला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने नाडीचे आवाज ऐकून दाब ठरविण्याची पद्धत सांगितली. मोजता आले, पण उपाय नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने वारले, तेव्हा त्यांचा दाब ३०० वर १९० होता. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखापाशी निष्णात डॉक्टर होते, परिणामकारक औषध नव्हते.

येथून ही कथा आपल्या देशाकडे वळते. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून माहीत होती. तिने रक्तदाब उतरतो, हे सेन आणि बोस या कलकत्त्याच्या दोघा वैद्यकतज्ज्ञांनी १९३१ मध्ये लिहिले. परंतु जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा त्यांचा निबंध १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळे काढले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अधिक सोयीची औषधे निघाली व सर्पगंधा मागे पडली. रूझवेल्टना जे मिळाले नाही, ते आज सरकारी दवाखान्यात साध्या गोळीच्या रूपाने मिळते.

मग अडते कोठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी २१ व शंभर पुरुषांपैकी २४ जणांत हा विकार आढळला. एवढे सगळे गादीवर बसणारे खास नव्हेत. गरिबाच्या ताटात भाजी थोडी. पावसाळ्यात सुकट, खारे मासे आणि लोणचे यांवर भात-भाकरी उतरते. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती येथे केव्हाच ओलांडली जाते.

त्यातून हा रोग मुका आहे. तो दुखत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी मजुरी बुडवीत नाही. आपल्या तालुक्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात. एका गावी सुरू झालेली गोळी दुसऱ्या गावी तुटते. मग एके दिवशी कर्ता माणूस अर्धांगाने आडवा होतो आणि घर बसते.

२०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्राचे पहिले जिल्हे निवडताना कोकणातील सिंधुदुर्ग होता. ठरलेली औषधे, महिनाभराच्या गोळ्या एकदम, आणि त्याही घराजवळच्या केंद्रात, हे त्याचे सूत्र. यात नवा शोध काही नाही. रोग्याची पायपीट वाचविण्याचा विचार आहे.

औषधाचा शोध लागून गेला. ते पोहोचविण्याचे काम उरले आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. ज्यांच्या शेतावर, दुकानात वा घरी माणसे राबतात, त्यांनी महिन्यातून एकदा त्यांना दवाखान्यात जाण्यास अर्धा दिवस मोकळा द्यावा आणि त्याची मजुरी कापू नये. आम्हांस वाटते, या उन्हाळ्यात माणगावकरांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले.